बिननावाचे सोने

मराठी मध्यमवर्गाचा कौटुंबिक इतिहास लिहायचे कुणी मनावर घेतलेच, तर त्याने दप्तरे चाळत बसू नये. कुठल्याही जुन्या घरातली मांडणीवरची भांडी खाली उतरवावीत आणि उजेडात धरावीत. काठाखाली, बुडाशी, झाकणाच्या आतल्या अंगाला सारा इतिहास लिहिलेला सापडेल. कोणत्या आत्याने परात दिली, कोणत्या मामाने वाटीवर भागवले, कुणाची मुंज कधी झाली, हे सगळे तारीखवार तिथे असते. पूर्वी भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा एक माणूस कोपऱ्यात बसलेला असे. आधी त्याच्या हातात छिन्नी-हातोडी असायची, पुढे गुणगुणत थरथरणारी विजेची लेखणी आली. ठिपक्याला ठिपका जोडत तो अक्षर काढी. त्याच्या शुद्धलेखनाविषयी न बोललेले बरे. पण मराठीचे पेपर तपासण्यात हयात घालवणाऱ्या मलाही आमच्या तांब्यावरचा ‘सप्रेम भेठ’ कधी लाल शाईने खुडावासा वाटला नाही.

मात्र याच घरांत सोन्यावर नाव नसे. अंगठीवर एखादे आद्याक्षर, नाहीतर सोनाराच्या पेढीचा तिळाएवढा ठसा. त्यापलीकडे काही नाही. पाटल्या, गोठ, बोरमाळ, ठुशी यांच्यावर आमच्या आप्तांपैकी कुणी नाव घातल्याचे मला आठवत नाही. चार आण्यांच्या पेल्यावर तीन ओळींचा मजकूर आणि घरातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूवर एक अक्षर नाही! लहानपणी मला याचे नवल वाटे. मोठेपणी नवल वाटेनासे झाले, कारण मोठेपणी आपण नवल वाटून घेण्याचेच सोडून देतो. यंदा लेकीचे लग्न ठरले, त्यानिमित्ताने झवेरी बाजाराच्या चार-सहा चकरा झाल्या आणि ते जुने कोडे पुन्हा पुढ्यात येऊन बसले.

कारण आता सगळे उलटे झाले आहे. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ आली आणि भांड्यांवरची नावे मागे पडली. सोने मात्र एकदम बोलके झाले. मंगळसूत्राच्या वाट्यांवर वधूवरांची नावे, अंगठीच्या आत लग्नाची तारीख, पदकावर बाळाच्या पावलाचा ठसा, कुठे बोटाचा ठसा, तर कुठे चक्क हृदयाच्या ठोक्यांचा आलेख! एका काचेत मी नखाएवढ्या पदकावर एका आजोबांचे छायाचित्र कोरलेले पाहिले. त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा त्यात होती. इतके बारीक काम हाताने करणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे काम हाताचे नव्हे, उजेडाचे. लेसर नावाच्या किरणाचे.

या किरणाची जन्मकथा सोन्याच्या बाजाराला शोभणारी आहे. त्यामागचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. पण प्रत्यक्ष किरण निघायला १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये थिओडोर मेमन यांनी तो काढला, आणि तो काढला कृत्रिम माणकाच्या एका कांडीतून. म्हणजे आज दागिन्यांच्या पेठेत रुळलेला हा किरण मुळात एका रत्नाच्या पोटी जन्माला आला! पुढे चारच वर्षांत, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर काढण्याचे श्रेय ज्या सी. कुमार पटेल यांना मिळाले, त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा, आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. लाकूड, कातडे, कापड, प्लॅस्टिक यांवर तो लेसर सुरीसारखा चालतो. पण सोन्यापुढे त्याचे काही चालत नाही. सोने त्याला आल्या वाटेने परत पाठवते.

सोने तसे मानीच. गंजत नाही, काळवंडत नाही, हवापाण्याशी सलगी करीत नाही, आणि अंगावर आलेला उजेड बहुतांश परतवून लावते. त्याच्यासाठी निराळा किरण वापरतात. काचेच्या केसासारख्या तंतूत यटर्बियम नावाच्या मूलद्रव्याचा अंश मिसळून तो काढलेला असतो. त्याच्या लहरीची लांबी साधारण १०६४ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा किरणही शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक भाग सोने परतवते. उरलेल्या चिमूटभर उजेडावरच सगळे काम भागवायचे असते. म्हणून तो किरण सलग सोडत नाहीत; अब्जांश सेकंदांत मोजावे लागतील अशा झटक्यांनी सोडतात. सरासरी काढली तर यंत्राची शक्ती वीस-तीस वॅटची, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याहूनही कमी. पण एकेका झटक्यापुरती ती हजारो वॅटवर जाते, आणि केसाहून बारीक ठिपक्यातले सोने वितळून उडून जाते. गंमत अशी की, चोख सोने वितळते तेही १०६४ अंश सेल्सियसला. लहरीचे माप निराळे, उष्णतेचे माप निराळे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी आकडा तोच! विज्ञानातही असे योगायोग असतात, हे पाहून माझ्यासारख्या वाङ्मयाच्या माणसाला बरे वाटते.

सोन्यावर लिहिण्याची हौस केवळ लोकांनाच आली आहे असे नाही. सरकारनेही लेखणी उचलली आहे. सोन्याच्या शुद्धतेची हॉलमार्क ही खूण आपल्याकडे २००० सालापासून आहे. पण तेव्हा ती ऐच्छिक होती. २३ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांच्या क्रमांकाशिवाय नवा दागिना दुकानातून विकायला बंदी झाली. दोन ग्रॅमच्या आतल्या चिमुकल्या वस्तूंना तेवढी सूट आहे. भारतीय मानक संस्थेचे त्रिकोणी चिन्ह, बावीस कॅरेटसाठी ९१६ हा आकडा, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग चोख सोने, आणि त्यापुढे अंक-अक्षरांची मिळून सहा चिन्हे, एवढे सारे लेसरने कोरलेले असते. ती सहा चिन्हे एका दागिन्याची दुसऱ्याला नसतात. फोनवर ती घातली की दागिना कुणी घडवला, कुठल्या केंद्रात तपासला, हे समोर येते. पूर्वी सराफ काळ्या कसोटीवर रेघ ओढी आणि तिच्याकडे डोळे बारीक करून पाही. ‘कसाला लागणे’, ‘बावनकशी’, ‘हिणकस’ हे आपले शब्द त्या रेघेतून आले. आता सहा चिन्हांतून मराठीत कोणता वाक्प्रचार येतो, याची मी वाट पाहत आहे.

हे झाले बाजाराचे. माझी अडचण घरातली होती.

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि तिच्या पाटल्या माझ्याकडे आल्या. लेकीला त्या हव्या होत्या. पण तशाच नको होत्या. “आई, त्या माझ्या हातात अडकतात. मोडून दोन बारीक बांगड्या करू. रोज घालता येतील,” ती म्हणाली. इथवर माझी ना नव्हती. आईच्या पाटल्यादेखील तिच्या आईचे गोठ आणि काही पुतळ्या आटवून केलेल्या होत्या. सोने आणि लेणे हा दृष्टान्त आपल्या संतांनी उगाच वापरला नाही. ज्ञानेश्वरांना तर तो फार आवडता. लेणे मोडले म्हणून सोने मोडत नसते. पण लेक पुढे म्हणाली, “आणि आतल्या बाजूला आजीचं अक्षर कोरून घ्यायचं. तिच्या हातचं.”

यावर मी गप्प राहिले. तिला वाटले, आठवणीने माझे डोळे भरून आले. तसे नव्हते. मला तो बेतच पसंत नव्हता. आणि का पसंत नाही हे स्वतःशी नीट लावून पाहताना बालपणीच्या त्या कोड्याचे उत्तर हाती आले. आमच्या घरांत सोन्यावर नाव घालीत नसत, कारण त्याला केव्हाही घराबाहेर जावे लागे.

भांडे घरात राहायचे. पोचे आले तरी माळ्यावर चढायचे, पण राहायचे. सोन्याचे तसे नव्हते. ते अंगावर असले तरी पाय उचललेलेच असे. माझे वडील एका गिरणीत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. काही महिन्यांनी आईच्या हातात पाटल्या दिसेनात. काचेच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या राहिल्या. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “उजळायला दिल्यात.” शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हाही तिने हेच सांगितले, आणि काकूंनी तो विषय तिथेच सोडला. पुढे मला कळले की, त्या काळात आमच्या चाळीतल्या पुष्कळ बायकांचे दागिने उजळायला गेले होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते उजळत होते. काहींचे परत आले, काहींचे आलेच नाहीत. आईचे गोठही त्यात गेले ते गेलेच. पाटल्या परतल्या. मी पुण्याला एम.ए. करायला निघाले तेव्हा वसतिगृहाच्या आणि खाणावळीच्या पैशांसाठी त्या पुन्हा उजळायला गेल्या. तेव्हा मला उजळण्याचा अर्थ ठाऊक होता. आईने मात्र शब्द बदलला नाही.

आता सांगा, त्या पाटल्यांवर तिच्या आईचे अक्षर असते, तर त्या तिला सराफाच्या तराजूत टाकवल्या असत्या का? जे गोठ मोडले ते मोडवले असते का? अक्षराने सोन्याचे वजन काही घटत नाही. मी हिशेब मांडून पाहिला: बांगडीच्या आतली एक ओळ कोरताना फार तर एक-दोन मिलिग्रॅम सोने उडते, आणि गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. तेव्हा प्रश्न सोन्याच्या घटीचा नव्हता, हाताच्या संकोचाचा होता. सोने बिननावाचे असते म्हणून ते कुणाचेही होते. आजीचे आईचे होते, आईचे माझ्या शिक्षणाचे होते. लेकीच्या हाती मी अडीअडचणीचे धन देऊ पाहत होते. त्यावर आजीचे अक्षर उमटले की त्याचे देव होणार, आणि देव कुणी गहाण ठेवीत नाही.

मी हे सारे लेकीला सांगितले. गिरणीचे, काचेच्या बांगड्यांचे, उजळण्याचे, सगळेच. आजवर कधी सांगितले नव्हते, कारण विषय निघाला नव्हता. ती ऐकत राहिली. वाद घातला नाही. आजकालच्या मुली वाद घालतात असे आपण म्हणतो, पण माझा अनुभव असा की त्या आधी शोध घेतात. चार दिवसांनी ती आईच्या हिशेबाच्या वह्या घेऊन आली.

आईने लग्नापासून शेवटच्या आजारापर्यंत हिशेब लिहिला. तिच्या अक्षराला वळण होते असे म्हणता येणार नाही. शिरोरेघ दोन अक्षरांवर ओढायची, तिसऱ्यावर विसरायची. ‘ल’ मात्र मोठा ऐटदार. लेकीने १९८४ ची वही उघडून माझ्यापुढे ठेवली. दिवाळीच्या आधीचे पान होते. रवा, साखर, चणाडाळ, खोबरे, उटणे. प्रत्येकापुढे पैसे. आणि सर्वांत खाली दोनच शब्द: पाटल्या सोडवल्या. त्यापुढे पैशांचा रकाना रिकामा होता. पै-पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने तो आकडा लिहिला नव्हता. ‘वल्या’नंतर शाईचा एक डाग होता. बहुधा लेखणी तिथे जरा वेळ टेकून राहिली असावी.

“हे कोरायचं,” लेक म्हणाली. “म्हणजे पुढेमागे माझ्यावर वेळ आलीच, तर बांगडीच मला सांगेल ना, की जायला हरकत नाही, फक्त सोडवून आण.”

यावर काय बोलणार? एम.ए.ला मी अलंकारशास्त्र शिकवते. अलंकारावर अलंकाराचाच वृत्तान्त कोरण्याची ही तऱ्हा कुठल्या मीमांसकाने सांगितल्याचे मला आठवत नव्हते.

मोठ्या पेढीवर जुने सोने दिले की त्याच्या किमतीचे नवे मिळते, पण ते तेच असते असे नाही. म्हणून आम्ही डोळ्यांदेखत आटवून देणारा एक जुन्या वळणाचा कारागीर शोधला. पाटल्या मुशीत गेल्या, कडेने मऊ झाल्या, मग एकाएकी त्यांचा आकार सुटला आणि तळाशी पिवळा, थरथरता थेंब राहिला. तीन पिढ्यांचे ते सोने बावीस कॅरेटला थोडे कमी भरत होते. सांध्यासांध्यांतून हीण शिरलेले. त्यात चोख सोन्याची भर घालावी लागली. आठ दिवसांनी बांगड्या घडल्या, तपासणी केंद्रात जाऊन सरकारी खुणा लेवून आल्या, आणि आम्ही अक्षरे कोरणाऱ्याकडे गेलो.

एका चिंचोळ्या जिन्यावरची ती खोली. शिवणयंत्राहून थोडे मोठे यंत्र, शेजारी संगणक, आणि समोर बंगालमधून आलेला विशी-बाविशीचा मुलगा. या बाजारातले कितीतरी कारागीर तिकडचे. आईच्या वहीतल्या दोन शब्दांचे छायाचित्र त्याने संगणकावर घेतले. मराठी त्याला वाचता येत नव्हते; त्याच्या लेखी ते नुसते चित्र होते. तुटलेली शिरोरेघ त्याने सफाईने जोडली आणि डागावर बाण नेऊन विचारले, “मॅडम, ये दाग निकाल दूँ?”

“नको, नको!” आम्ही दोघी एकदमच ओरडलो. त्याने निमूटपणे डाग राहू दिला आणि जोडलेली रेघही पुन्हा तोडली. गिऱ्हाइकाच्या लहरी त्याला सवयीच्या असाव्यात.

मग बांगडी तिरकी करून फिरत्या चिमट्यात बसवली. खरा किरण डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो जागा दाखवणारा तांबडा ठिपका, आणि सोन्यावर उडणारी सुईच्या टोकाएवढी ठिणगी. बारीक किर्र असा आवाज झाला, धुराची एक पुसट रेघ नळीने शोषून घेतली. त्या नळीतली धूळही फेकीत नाहीत, तीतले सोने काढून घेतात. पूर्वी सोनाराच्या राखेतून आणि केरातून कण वेचणारे झारेकरी असत, तेच काम आता नळी करते. दीड मिनिटात सगळे आटोपले. मुलाने बांगडी पुसून आमच्या हातात ठेवली आणि वर भिंग दिले.

भिंगातून मी पाहिले. एका बाजूला त्रिकोण, ९१६ आणि ती सहा चिन्हे, कवायतीला उभ्या शिपायांसारखी. पलीकडे आईची दोन शब्दांची ओळ, मधेच शिरोरेघ विसरलेली, शेवटी डाग. एक लेख सोने किती खरे आहे ते सांगणारा, दुसरा ते कशासाठी असते ते सांगणारा. आणि दोन्ही लेख, त्यांना कोरायला लागलेल्या उजेडासकट, मुशीच्या आचेपुढे सारखेच कच्चे. उद्या बांगडी आटवली तर सरकारचा क्रमांक जाईल, आईचे अक्षर जाईल आणि सोने तेवढे उरेल, पूर्वीसारखेच बिननावाचे. ही जाणीव मला आधी जितकी टोचली होती, तितकी आता टोचली नाही.

मुलाने पैसे मोजून घेतले आणि जाता जाता विचारले, लिहिले आहे काय? लेकीने त्याला मोडक्या हिंदीत सांगितले की, गहाण ठेवलेले दागिने सोडवून आणले, असे माझ्या आजीने लिहून ठेवले आहे. तो हसेल असे मला वाटले होते. तो हसला नाही. बांगडीकडे पाहत म्हणाला, त्याच्या आईचीही एक जोडी गावी अशीच सराफाकडे आहे. दुर्गापूजेला नाही जमले, पुढच्या वर्षी सोडवायची. मग दुसरी बांगडी चिमट्यात लावीत त्याने विचारले, हिच्यावर काय घालायचे?

लेकीने माझ्याकडे पाहिले, आणि मी नको म्हणायच्या आत तीच म्हणाली, “इस पे कुछ नहीं. ये खाली रहने दो.”